कॉफी निवली तरी चालेल

ऐन बुतुम,
३ ऑक्टोबर

प्रिय लुब्नाताईस,
सलाम वि. वि.

तू म्हणशील, फोन असताना हा पत्रं काय लिहीत बसलाय. तर ऐक. फोनवर मी एक शब्द उच्चारेपर्यंत तू पुढचे चार स्वतःच म्हणून मोकळी होतेस. घरात आईचं तेच. माझी जीभ सावकाश चालते हे खरं, पण चालते ना? कागदावर मला मध्येच कुणी अडवत नाही. एका बोटाने टाइप करतोय, त्यामुळे सकाळपासून एवढंच झालंय. बसवाले अबू फव्वाझ संध्याकाळी अकब्याला निघतील, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि आईने दही वाळवून केलेले जमीदचे गोळे पाठवतो. रस्सा कर त्याचा, नुसते चघळत बसू नकोस.

बातमी अशी की आमच्या अपंग पोरापोरींच्या गटाने मला म्होरक्या निवडलंय. हदीलही उभी होती. तिला दिसत नाही, पण मतं फिरल्याचं सगळ्यांत आधी तिलाच कळलं. हरल्यावर म्हणाली की तुझं भाषण संपेपर्यंत समोरचे म्हातारे होतील, म्हणून तुला निवडलं.

आता खरी गोष्ट. नगरपालिका अपंग तरुणांसाठी समिती नेमतेय. शाळेला उतार कुठे करायचा, बस कुठे थांबवायची, कामाला कुणाला घ्यायचं, सगळं ती ठरवणार. सभासद कोण, तर औषधांच्या दुकानाचे मालक, एक निवृत्त सुभेदार, आणि आमच्या वतीने आपली आई. आमच्यातलं एकही नाही. आईने मला न विचारता होकार दिला आणि आल्या आल्या शेजारीपाजारी मिठाई वाटली.

ताई, मला समितीतली ती खुर्ची हवी आहे. येत्या गुरुवारी नगराध्यक्ष अबू नवाफ यांच्या बैठकीत जाऊन मी ती मागणार. आई म्हणते, मीही येते, तुझं बोलणं त्यांना समजावणार कोण. तू तिला समजाव. ते जमत नसेल तर निदान तिला फूस तरी लावू नकोस.

भाचीला गोड पापा. लोभ आहेच, तो राहू दे, फक्त माझी वाक्यं मला पुरी करू दे.

तुझा,
रकान

अकबा,
७ ऑक्टोबर

चि. म्होरके रकान यांस,
अ. उ. आ.

जमीद पोचलं, टोमणाही पोचला. टोमणा जास्त खारट होता.

आईवर फार चिडू नकोस. तुला शाळेत घेत नव्हते तेव्हा हेडमास्तरांच्या दारात ती दिवसच्या दिवस बसून राहिली होती. तेव्हा ती भांडली नसती तर आज तू टाइप करत बसला नसतास. तुझ्या वतीने बोलायची सवय तिला तिथे लागली, ती आता सुटत नाही. शिवाय तिला भीती वाटते की लोक हसतील. मलाही वाटते, खोटं कशाला सांगू?

पण तू जाणारच आहेस, तर एक आठवण देते. माझ्या मागणीला चुलतसासरे आले होते ते आठवतं? कॉफीचा पेला समोर ठेवून बसले, हो म्हटल्याशिवाय पिणार नाही म्हणाले. बाबा, देव त्यांना जन्नत देवो, केवढे आढेवेढे घेत होते. पण मागणं घेऊन आलेला पाहुणा न पिता उठला तर घराची नाचक्की. शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागलं त्यांना. त्या निवलेल्या कॉफीपायी मी आज इथे मासे तळतेय. अबू नवाफही जुन्या वळणाचे आहेत. पुढचं तुला सांगायला नको, नाहीतर पुन्हा म्हणशील, ताईने वाक्य पुरं केलं.

अंगात तो निळा सदरा घाल. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
लुब्ना

ऐन बुतुम,
१७ ऑक्टोबर

चि. लुब्नास,
अ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझ्या भावाने माझी झोप उडवली तेवढं सोडून. हे त्यानेच लिहायला हवं होतं, पण म्हणतो की मी लिहिलं तर बढाई वाटेल, तूच लिही. म्हणजे कामाच्या वेळी आई चालते.

गुरुवारी मी गेलेच. त्याची चाकांची खुर्ची ढकलत नेताना वाटेत त्याने बजावलं की मी तोंड उघडायचं नाही. मी हो म्हटलं, आणि बैठकीत शिरल्या शिरल्या अबू नवाफना त्याची तब्येत, शाळा, औषधं, सगळं सांगून टाकलं. तेही माझ्याकडेच बघून बोलत होते. मुलगा कॉफी घेतो ना, हेसुद्धा मलाच विचारलं.

कॉफी आली. त्याचे हात थरथरतात, म्हणून लहानपणापासून पेला मीच त्याच्या ओठांना लावते. सवयीने उचलला. तर त्याने तोंड फिरवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला की आई, खाली ठेव, मला काहीतरी मागायचंय. मी काय करायला निघाले होते ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. एक घोट गेला असता की मागणंच संपलं असतं. लाजेने माझे कान तापले. ठेवला पेला खाली.

मग तो बोलला. कॉफी पार निवली इतका वेळ बोलला. एका शब्दावर अडला, तो शब्द माझ्या अगदी जिभेवर होता, मी ओढणीचं टोक दातांत धरून बसले. अबू नवाफ दाराकडे बघायला लागले, पण भरलेला पेला समोर, उठतात कुठे. तो म्हणाला की आमच्यासाठी बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांची माया खरी आहे, पण उतार कुठे चुकला ते ज्याची चाकं अडतात त्याला विचारा. आणि नवी खुर्ची मांडून माझी समजूत काढू नका, आहे तीच द्या. माझ्या आईची. तोंडावर सांगितलं, लुब्ना. मला राग आला, खरंच आला. समितीच्या बैठकांसाठी मी नवा अबाया शिवायला टाकला होता.

अबू नवाफ माझ्याकडे वळले आणि विचारलं की उम्म रकान, तुमचं काय म्हणणं? गाव मला हाक मारतं तीही त्याच्याच नावाने, रकानची आई म्हणून. मी म्हटलं, मागणं त्याने घातलंय, उत्तर त्याला द्या. माझा आवाज मलाच परका वाटला. मग ते सरकून त्याच्यासमोर बसले. जे कळलं नव्हतं ते पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाले, दिली बाबा, पी आता.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. त्याने पेला उचलला. निम्मी कॉफी गालिच्यावर गेली, निम्मी पोटात. कुणी हसलं नाही. हदीलने मागाहून विचारलं की गालिचा धुवायचा ठराव पहिल्याच बैठकीत घेणार का.

काल ती पहिली बैठक झाली. मी दारापर्यंत सोडायला गेले. शिपाई नवा होता, आत कुठे निघालात म्हणून त्याने मला अडवलं. मी सांगितलं की मी उम्म रकान. तर विचारतो, कोण रकान, आपले सभासद? मी हो म्हटलं आणि तिथूनच मागे फिरले. वाटभर चालले, लुब्ना, पण पाय जमिनीवर नव्हते माझे.

नवा अबाया तुझ्याकडे येताना घालेन. नातीला माझे आशीर्वाद. माझ्यावरची माया उणी होऊ देऊ नकोस, आणि फोनवर तो बोलत असला की जरा थांबत जा. मी थांबायला शिकतेय.

तुझी आई,
उम्म रकान