आबांची टोपी

अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव
११ मार्च १९९८

तीर्थस्वरूप सोपानमामा आणि मामींच्या पायांवर सावळेरामचं डोकं.

मामा, तुमचा गुडघा कसा आहे? बेजवाड्याचा उकाडा, रेल्वेची नोकरी आणि वर रोजची आंबट आमटी, तरी माझा भाऊ टिकून आहे असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. इकडे सगळं ठीक. बटाटा निघाला, म्हशीला रेडी झाली, आणि आम्ही समुद्र बघून आलो. पहिल्या दोन गोष्टी होतच असतात, म्हणून तिसरीचं लिहितो.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण आईच्या मनातलं एक शल्य जाईना. आबा म्हणजे गोठ्यात जायचं तरी डोक्यावर टोपी घालणारा माणूस (माझ्या लग्नाच्या फोटोत मी बोडका उभा राहिलो म्हणून सहा महिने अबोला होता), आणि शेवटच्या घाईगर्दीत आम्ही बापालाच बोडकं नेलं. अस्थी घोडनदीत सोडल्या. तेव्हापासून आईनं एकच धरलं होतं, 'नदी समुद्राला मिळती, म्हंजी ते तिथंच असत्याल. मला एकडाव जाऊन टोपी देऊन येऊ द्या.' आता जायचं तर एका दिवसात जाऊन यायला पाहिजे, कारण म्हैस तुमच्या सूनबाईशिवाय, शीलाशिवाय, कुणाला धार काढू देत नाही.

समुद्र निवडायला आम्हाला तीन आठवडे लागले. धाकट्या बहिणीला स्थळ बघताना एवढे लागले नव्हते. शीलानं मुंबईची चौपाटी सुचवली, ती आईनं मोडीत काढली, एवढ्या गर्दीत त्यांना कुठं हुडकायचं म्हणून. मग आमचा हौशीराम पाटकरी आला. कालव्याचं दार उघडणं आणि बंद करणं हे त्याचं बावीस वर्षांचं काम, त्यामुळं पाण्याचा कुठलाही प्रश्न आपल्याला विचारल्याशिवाय सुटूच नये असं त्याचं मत. त्यानं नकाशा बघून मुरूड नापास केलं. का, तर ते टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटाला आहे, आणि टेलला पाणी कधी पोचत नाही. (हे त्यानं पाटावर शिकलेलं.) अलिबाग त्यामानानं हेडला, पाटाच्या तोंडाशी, तिथं तोटा पडायचा नाही. झालं, अलिबाग ठरलं.

पण मामा, त्याच नकाशावर मला दिसत होतं की आपली घोड तिकडं जातच नाही. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा तिकडं बेजवाड्याला तुमच्या दारावरून पलीकडच्या, पूर्वेच्या समुद्राला. पलीकडचा समुद्र एका दिवसात होत नाही आणि म्हैस ऐकत नाही. मी आईला म्हणालो, हाच तो. आईशी एवढं मोठं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

जीप करून, घाट उतरून अकराच्या सुमाराला पोचलो, तर समुद्र जाग्यावर नाही. लांब एक चकाकती रेघ, अलीकडं सगळी ओली वाळू, आणि पाण्यातला म्हणून ऐकलेल्या किल्ल्याकडं लोक खुशाल चालत निघालेले. हौशीरामनं वाळू चिमटीत धरून वास घेतला आणि म्हणाला, 'आवर्तन बंद झालंय. आता तीन आठवडं पाणी न्हाई.' एक शहाळेवाला काही सांगायला आला, त्याला यानं वाटेला लावलं. आम्ही गुमान समुद्राच्या तळाला सतरंजी अंथरली आणि भाकरी सोडली. आई टोपीची पिशवी मांडीवर घेऊन बसली, घास काही घेईना.

आणि मग पाणी आलं. आधी सतरंजीची कड भिजली, मग ठेच्याचा डबा चालायला लागला. मामा, कुणी दार उघडलेलं नाही, कुणाचा हुकूम नाही, आणि जिथवर नजर जाईल तिथवरचं पाणी उठून आमच्याकडं यायला लागलं. मी डिंभ्याचं धरण भरलेलं बघितलंय, तेव्हा वाटलं होतं याच्यापुढं पाणी नाही. मला भीतीही वाटेना, काय वाटत होतं ते अजून सांगता येत नाही. हौशीरामनं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. हळूच म्हणाला, 'हे सोडतंय कोन, राव?' बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं पाण्याबद्दल दुसऱ्याला विचारलं.

आई गुडघाभर पाण्यात गेली. 'अवं,' म्हणाली, 'बटाटा निघाला. म्हशीला रेडी झाली. ही घ्या.' आणि टोपी सोडली. लाटेनं ती नेली, आणि दुसऱ्या लाटेनं आणून आईच्या पायाशी ठेवली. पुन्हा सोडली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा तेच. मला वाटलं, समुद्र सगळ्यांदेखत माझं खोटं उघडं पाडतोय. आईनं टोपी पिळली, पिशवीत घातली, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

एवढंच. सतरंजी गेली, डबा सापडला. मामींना नमस्कार, लहानांना पापा.

तुमचा भाचा,
सावळेराम

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आईला वाचून दाखवावं लागतं. नकाशाचा मजकूर मी गाळला, तिथं जरा अडखळलो. सगळं ऐकून ती म्हणाली, 'नकाशाचं का गाळलंस? चाळीस वर्सं घोडंत धुनं धुतलंय म्या. ती उगवतीला जाती हे मला ठावं न्हाई व्हय? म्हनलं, पोरानं एवढी जीप केली, तर असत्याल बी हितं. टोपी माघारी आली तवा समजलं, न्हाईत.'

ता. क. दुसरा. ती पुढं म्हणाली, 'सोपानला लिही, म्हस आटली की मी येती.' तरी तिकडचा समुद्र तुमच्यापासून किती लांब आणि त्याच्या पाण्याची वेळ काय, ते विचारून कळवावं. हौशीरामही येतो म्हणतोय. त्याला पुढची सगळी वर्षं पाटावर तोंड दाखवायचंय.

ता. क. शेवटचा. शीला टोपी धुवायला घेत होती, आईनं धुऊ दिली नाही. म्हणाली, 'मीठ राहू दे. मिरवायची लई हौस त्यांना. दोन समुद्रांची टोपी घालून बसू द्या.'