ऑटर क्रीकचे बहिरे रेडिओ

४ नोव्हेंबर
ऑटर क्रीकच्या लाकूडतोडीच्या तळावर पोचलो एकदाचा. लाकूड वाहणाऱ्या ट्रकचे रेडिओ दुरुस्त करायचे, राहायला डोंगराच्या पायथ्याशी, जंगलरस्त्याच्या शून्य किलोमीटरपाशी उबदार शेड. आपली तर चैन आहे. इथला जंगलरस्ता एका ट्रकपुरताच. म्हणून लाकूड भरून उतरणारा रेडिओवर पुकारतो, ‘भरलेला, अमुक किलोमीटर’. वर जाणाऱ्या रिकाम्याने उत्तर देऊन बाजूला व्हायचं, कारण भरलेल्याला थांबता येत नाही.

५ नोव्हेंबर
सगळे रेडिओ ठार बहिरे. आतल्या कॉइलींचे पेच कुणा अडाण्याने भलतीकडेच पिळलेले. रेडिओत चाचणीचा बारीक सिग्नल सोडून, प्लास्टिकच्या पेचकसाने एकेक कॉइल जुळवली. मीटरचा काटा चढला, खरखर विरली. आता डोंगरापलीकडची कुजबुजही ऐकू यावी. मुकादम डेल्बर्टने पाहिलं आणि विचारलं, तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी म्हटलं, मग पगार कशाचा देता? तो दाराशीच थुंकला.

७ नोव्हेंबर
खाणावळीत माझ्यापुढची कॉफी कुणीतरी उचलून ओतून दिली. ड्रायव्हरांनी मी जुळवलेले रेडिओ उपटून शेडपुढे फेकलेत. संताप आला. दुपारी धुक्यात शेडमधल्या माझ्या रेडिओवर क्षीण आवाज : भरलेला, बेचाळीस. कुणीच उत्तर देईना. बिचारा अडकेल म्हणून मीच सांगितलं, रस्ता मोकळा आहे, ये.

८ नोव्हेंबर
कचेरीतल्या नॉर्माला विचारलं. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, बेचाळीसवरची तोड दोन वर्षांपूर्वीच बंद झाली. ड्रायव्हरांचा संप मोडून वेंडेल एकटाच तिथून भरलेला ट्रक आणायचा. एकदा ब्रेक गेले. रस्ता द्या, रस्ता द्या म्हणून पुकारत राहिला. सगळ्यांनी ऐकलं, एकानेही वाटेतला ट्रक हलवला नाही. तो दरीत गेला. अजून पुकारतो, म्हणून आम्हीच रेडिओ बहिरे केले. आणि मेल्या, तू त्याला ये म्हणालास?
परतलो तेव्हा रेडिओ बोलत होता. भरलेला, सव्वीस.

९ नोव्हेंबर
माझ्या गाडीचे टायर चिरलेत. शेडच्या दोन्हीकडे ड्रायव्हर ट्रक आडवे लावून बसलेत. डेल्बर्ट म्हणाला, बोलावलंस ना? मग तूच उतरवून घे त्याला, आमची तरी सुटका होईल. पायी निघालो तर दगड मारले. नॉर्मानेही—
भरलेला, अकरा. मागे इंजिनची घरघर.

१० नोव्हेंबर
भरलेला, चार.
माझ्या रेडिओचे पेच उलटे पिळले. पार बहिरा केला. माझा चाचणीचा सिग्नल ऐकू येत नाही. त्याचा येतो, स्वच्छ. इतक्या जवळून बहिऱ्या रेडिओलाही—

एक. भिंत थरथरतेय. विचारतोय, रस्ता मोकळा आहे का. रडतोय.
गप्प बसलो तर मीही त्यांच्यातलाच. हो म्हटलं तर तो थेट इथे, माझ्या अंगावर—
बटण दाबलंय. मी त्याला