पाचच औषधं

१४ जून २०१६, मंगळवार, हॉर्नबी
चायनीज मेडिसिनच्या कोर्सचं शेवटचं वर्ष. लिऊ मॅडमनी आज माझं प्रिस्क्रिप्शन सगळ्यांसमोर वर धरलं. "फक्त चार? हे औषध आहे की सूप?" बाकीच्यांची बारा, चौदा. ब्रॅडची सोळा! पेशंट सगळ्यांना एकच, चौऱ्याहत्तर वर्षांची मार्गारेट. जुना खोकला. मी लिहिलं: संत्र्याची वाळकी साल, ज्येष्ठमध, सुंठ, आणि फुलिंग ही चिनी औषधी बुरशी. पुरे की! पुण्यात अकरा वर्षं आयुर्वेदाचा दवाखाना चालवलाय मी. इथे परदेशात पुन्हा पहिल्या बाकावर बसले म्हणून अक्कल काय एअरपोर्टवर काढून घेतली?
मार्गारेटला काढा द्यायची पाळी माझी, म्हणून मॅडमनी सही केली, पण तोंड वाकडं करूनच.

१६ जून
निखिल म्हणे, "अगं, टाक ना अजून आठ. पास हो, मग काय ते कर." नवरा इंजिनिअर. म्हटलं, तुझ्या पुलाला उगाच आठ खांब जास्त लावशील? "लावतो कधी कधी." गाढव.
ब्रॅडचा सोळांचा काढा घरी उकळून पाहिला. इरा दारातूनच, "मम्मा, इट स्मेल्स लाइक फीट."

२१ जून
मार्गारेट आली. खोकला कमी, पण पोटात जळजळ, दोन दिवस नीट जेवली नाही. वर मलाच म्हणते, "सॉरी, लव्ह." मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुंठ जास्त पडली, चूक माझी. मॅडम म्हणाल्या, एक औषध पुढे जातं, बाकीची त्याला आवरतात. ते पटलं. सुंठ निम्मी केली, लाल बोरं घातली.
पाच झाली. पोट दुखलं म्हणून झाली, आकडा भरायला नाही.

५ जुलै
जळजळ गेली. मार्गारेट क्लिनिकचा जिना न थांबता चढली. "हीप्स बेटर," म्हणजे खूपच बरं. ब्रॅड म्हणतो, तसंही बरं झालंच असतं. असेल. मग सोळा तरी कशाला?

१९ जुलै
तोंडी परीक्षा. मॅडम आणि बाहेरचे एक परीक्षक. "व्हाय ओन्ली फाइव्ह?" म्हटलं, कुठलंही विचारा, का घातलं ते सांगते. त्यांनी पाचही विचारली. पाचही सांगितली. तरी परीक्षक म्हणे, फॉर्म्युला भरगच्च हवा. म्हटलं, तुमच्याच जुन्या ग्रंथांत दोन-दोन वनस्पतींचे काढे आहेत. मॅडम चष्मा पुसत बसल्या.
शुक्रवारपर्यंत नवीन लिहून द्यायचं. नाहीतर वर्ष परत. जळ्ळं मेलं ते वर्ष! चाळिशीत परत तेच तास, तोच ब्रॅड. आंघोळ करताना रडून घेतलं.

२२ जुलै, शुक्रवार
सकाळपासून लॅपटॉपसमोर. सहावं लिहिलं, सातवं लिहिलं, आठव्यापर्यंत गेले. प्रत्येकापुढे लिहायचं होतं, मार्गारेटला हे कशासाठी. सहाव्यापुढे काही सुचेना. खोटं लिहायला लागले आणि स्वतःचाच राग आला. तिन्ही खोडली.
पाचच ठेवली. सुंठेची चूकही लिहिली, सगळी, लपवाछपवी नाही. निखिल मागे येऊन वाचून गेला. "नक्की?" म्हटलं, नक्की नाही, पण हेच.
दुपारी पावणेचारला पाठवलं. निकाल सोमवारी. वर्ष गेलं तर पुन्हा बसेन, आणि पुन्हा पाचच लिहीन. पेशंटला लागलं तर सहा. मॅडमना हवं म्हणून मात्र एकही नाही.