सालाच्या विहिरी

लिहून ठेवणार नाथाजी राणोजी कोळी, वय साठीच्या पुढे, धंदा विहिरीत उतरण्याचा, राहणार मौजे बेलडोह, तालुका वाळवा, जिल्हा सातारा. माझ्या छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टर म्हणाले. डोक्यात झालेले नाही. मी शुद्धीत आहे, मला कुणी पाजलेले नाही आणि दमदाटीही केलेली नाही. दमदाटी करणारा माणूस गावात एकच आहे, त्याचे नाव पुढे येईल. लेखक भाऊसो मास्तर यांनी माझी भाषा शुद्ध करून लिहावी, पण मजकूर गाळू नये. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था खाली सांगतो तशी व्हावी.

कलम १. राहते घर, दोन खणांचे, माझी बायको धोंडुबाई हिला हयातभर. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून माहेरी जावे, तिची मर्जी. तिच्यामागे ते मुलगा अर्जुना याचे. तोवर त्याने आईला रोज विचारून जेवावे. पोरगा मनाने वाईट नाही, पण घरातल्या बाईलाही भूक लागते हे त्याच्या लक्षात येत नाही. शेळी धोंडुबाईचीच आहे, ती मी देणारा कोण?

कलम २. हत्यारे. लोखंडी गळ, गाळ काढायच्या पाट्या, कानात घालायच्या तेलाची बुधली, हे अर्जुनाला. लांब दोरही त्यालाच, परंतु तो सध्या शेजारी बाळासो यांच्या म्हशीच्या गळ्यात आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेला होता, त्यानंतर म्हैस दोनदा व्याली. बाळासो या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून समोरच बसले आहेत, तेव्हा तोंडावर सांगतो. दोर द्या. त्या दोरावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

कलम ३. सालाच्या विहिरी. माझी खरी मिळकत ही. भाऊसो मास्तर म्हणतात, विहिरी लोकांच्या, त्या तू कशा देणार? विहिरी लोकांच्याच आहेत. त्यांत उतरण्याचा हक्क माझा आहे, आणि तो मी एकेका घरी जाऊन, बोलून मिळवला आहे.

हे कसे ते लिहावे, कारण अर्जुनाला ते अजून नीट कळलेले नाही. गावचा बलुतेदार कोळी माझा चुलता. आमच्या वाट्याला ते बलुते आले नाही. माझा बाप सुटा माणूस, बोलावले की जायचा. बोलावणे कधी यायचे? पोर पाण्यात, आई काठावर ऊर बडवते आहे, आणि मालक विचारतो, आधी काय घेणार ते बोल. बापाने जास्त मागितले तर तो कसाई. कमी मागितले तर पुढच्या वेळी त्याहून कमी. असे बोलणे चालू असताना एकदा पाण्यावरचे बुडबुडे थांबलेले मी पाहिले. मी तेव्हा लहान होतो. काठावर भाव करायचा नाही, हे मी त्या दिवशी ठरवले.

म्हणून मी सालाची रीत घातली. सुगीला प्रत्येक विहिरीमागे ठरलेला जोंधळा. वर्षभरात काही पडो वा न पडो. त्याबदली हाक आली की ताटावरून उठून पळायचे आणि काठावर तोंडातून पैशाचा शब्द काढायचा नाही. पहिली दोन वर्षे लोक हसले. काही पडलंच न्हाई, मग जोंधळा कशाचा, म्हणाले. मी म्हणालो, पडलं न्हाई त्याचाच. कारण मी बसून खात नव्हतो. बोलावले नसताना जात होतो. निसटलेली पायरी बसवायची, घागरी काढायच्या, उन्हाळ्यात गाळ उपसायचा, कठड्याला बाभळीचे काटे लावायचे. माणूस रिकाम्या दिवशी दारात दिसला तरच त्याच्यावर भरवसा बसतो. अर्जुनाने हे ध्यानात ठेवावे. धावून पोचता येईल त्याहून जास्त विहिरी घेऊ नयेत. दोन हाका एकदम आल्या तर जिवंत माणसाची आधी, मग घर केवढे का असेना. आणि दरसाल सुगीच्या आधी प्रत्येक घरी बसून विचारावे, आमचं काय चुकलं का. या विचारण्यामुळे माझी घरे बापाकडून मुलाकडे गेली तरी माझ्याकडेच राहिली.

त्या सर्व विहिरी अर्जुनाला. आज सकाळी मी एकही द्यायची नाही असे सांगितले होते, ते एका विहिरीपायी.

कलम ४. ती एक विहीर हंबीररावांच्या घरामागच्या परड्यातली. गावात सर्वांत जास्त ऊस त्यांचा, माझ्याकडे सर्वांत जुने साल त्यांचे. त्यांचा मुलगा लालासाहेब लढाईच्या वेळी पलटणीत होता. त्याची बायको विजयमाला, विट्याकडची. चार वर्षांपूर्वी मला त्या घरची हाक आली. परड्यात हंबीरराव एकटे उभे होते. बाकीची माणसे त्यांनी बाहेर थांबवली होती.

मी बुडी मारली. ती तळाला होती. दोन्ही मनगटे चऱ्हाटाने बांधलेली. मी दम घ्यायला वर आलो आणि म्हणालो, "सरकार, हात बांधल्यात."

ते म्हणाले, "गाठ खालीच सोड रं नाथा. मग वर आन."

"जसं हाय तसं वर आनायचं, सरकार. आपलं तसंच ठरलंय."

"कुठं ठरलंय? इतकी वर्सं आमचा जोंधळा खातोस."

"जोंधळा उतरायचा खाल्ला. गप बसायचा न्हाई."

मी तिला बांधलेल्या हातांनी वर आणले. बाहेरची माणसे आत येण्याआधी तिची सासू चंद्राबाई हिने विळ्याने चऱ्हाट कापले आणि पाणी तापवायच्या चुलीत घातले. चौकशीला आलेल्यांना मी सगळे सांगितले. त्यांनी चहा घेतला आणि पाय घसरला असे लिहिले. हात का बांधले, कुणी बांधले, मला माहीत नाही. मी विहिरीत पाहिले तेवढेच सांगतो, आणि मरेपर्यंत सांगेन.

हंबीररावांनी माझे साल तोडले. त्यांच्यामागे आणखी घरे तुटली. नाथाच्या तोंडाला कुलूप नाही, असे म्हणू लागले. वर्षानुवर्षे ज्यांच्या घागरी काढल्या, ज्यांची पोरे पालथी घालून पाणी ओकवले, त्यांनी सुगीला दार लोटून घेतले. कणगीचा तळ दिसला. धोंडुबाईने दुसऱ्यांच्या रानात खुरपे चालवले, पण मला एका शब्दाने बोलली नाही. त्या लोकांना मी माफ केलेले नाही. माझ्या तिरडीला त्यांनी खांदा देऊ नये.

विजयमालाचा बाप दूर मुलखात सोने गाळायच्या, गलाईच्या दुकानात असतो. त्याला तार पोचली तोवर राखसुद्धा नदीत गेली होती. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. रडला नाही. "इतक्या मान्सांत कुनालाच कसं दिसलं न्हाई?" एवढेच त्याने विचारले. 

कलम ५. या दिवाळीत मी अंथरुणाला खिळलो आणि हंबीररावांनी अर्जुनाला बोलावून साल परत दिले. काल दारात जोंधळ्याचे पोते आले. ते पाहून माझे डोके फिरले. मी भाऊसो मास्तरांना बोलावले आणि सकाळी पहिले मृत्युपत्र सांगितले. त्या घरचे धान्य खाणाऱ्याला माझा गळ नाही, दोर नाही, एकही विहीर नाही. अर्जुना खाली मान घालून बसला होता. मग धोंडुबाई चुलीपासून उठून आली.

"आवं," म्हणाली, "त्या घरात दुसरी सून आलीया. मनुबाई. आटपाडीकडची हाय. लालासाहेब पुन्यांदा पलटणीत गेला. त्या परड्यात न इचारता जायला मिळतंय कुनाला? एकट्या अर्जुनाला. आन् तुमी त्यालाच काढताय व्हय?"

मी ते मृत्युपत्र फाडायला लावले. भाऊसो मास्तर कागदाची नासाडी म्हणून कुरकुरले, पण फाडले.

म्हणून आता असे. हंबीररावांची विहीरही अर्जुनाला. त्याने ते साल कधी सोडू नये. जोंधळा न लाजता घ्यावा, कारण जो जोंधळा घेतो त्याला परड्यातून कुणी हाकलू शकत नाही. आठवड्याला बाजाराच्या दिवशी तर जावेच, मध्येही जावे. पायरी पाहायला आलो म्हणावे, गळ विसरला म्हणावे. आणि दर वेळी प्यायला पाणी मागावे, ते सुनेच्या हातून. दुसऱ्या कुणी आणले तर तहान नाही म्हणून बसून राहावे. तिचे तोंड पाहावे, आवाज ऐकावा. मी जन्मभर माणसे वर काढली. बहुतेक वेळा उशीरच झालेला होता. विजयमालाच्या बापाला जे उत्तर द्यायला हवे होते ते एवढेच, की आम्ही बघायलाच गेलो नाही, हाक आल्यावर गेलो. मला याची फार खंत आहे.

इथवर लिहून झाल्यावर मी अर्जुनाला विचारले, "परवा तिथं घागर काढलीस, तवा पानी कुनी दिलं?"

"म्हातारीनं."

"सून दिसली?"

"न्हाई, आबा."

"मग हितं काय बसलाईस? ऊठ. आत्ता जा."

तो गेला. तो परत येईपर्यंत लिहिणे थांबवले. साक्षीदार तंबाखू मळत बसले, मला ते सहन होईना.

अर्जुना आता आला आहे. त्याने सांगितले तसे लिहितो. आधी चंद्राबाईने तांब्या आणला. तो नको म्हणून कट्ट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने सून आली. "पानी तिनं डाव्या हातानं दिलं, आबा. उजवा पदराखालनं भाईर काडलाच न्हाई. सासू दारात उभी हुती. तांब्या परत घेताना एवढंच म्हनली, परत कवा येनार, दादा?"

कलम ६. हे कलम मी मेल्यावर नव्हे, आत्ताच अमलात आणायचे आहे. धोंडुबाई शेण मागायच्या निमित्ताने त्या परड्यात जाऊन बसली आहे. कुणी ऊठ म्हटले तरी ती उठायची नाही. अर्जुना मनुबाईच्या भावांना आणायला आटपाडीला निघाला. भाकरी बांधून घे म्हणालो, तेवढाही थांबला नाही. साल तुटेल, पुन्हा घरे तुटतील. तुटू देत.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून ठेवले. भाऊसो मास्तरांनी वाचून दाखवले, मी ऐकले, बरोबर आहे. बायको व मुलगा सह्यांच्या वेळी हजर नाहीत. कारण वर लिहिले आहे.

नाथाजी राणोजी कोळी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. आप्पासो, राहणार बेलडोह, सही
२. बाळासो, राहणार बेलडोह, सही. घाईत केली, कारण आम्ही दोघेही हंबीररावांच्या परड्याकडे निघालो आहोत.

लेखक: भाऊसो मास्तर. मीही जातो.

मुक्काम बेलडोह, मंगळवार, ता. २ डिसेंबर १९४७