बिराप्पाच्या मोटरीवरचा बोर्ड

गुलबर्गा,
रविवार, १९ जानेवारी १९८६

तीर्थरूप व्यंकट अण्णास,
शोभाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी इथं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण मी रागात आहे. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट ठरलं. आमच्या गटात तीन मुलं आणि मी. सरांनी मुलांना सर्किट बोर्ड बनवायला सांगितलं आणि मला त्याची फाईल लिहायला. माझं अक्षर चांगलं आहे म्हणे. तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते अक्षर दाखवायला का? मी तिथंच सांगून टाकलं की माझा वेगळा बोर्ड करून परीक्षकांपुढे ठेवीन. सर म्हणाले, खुशाल ठेव, पण मदत मागायला माझ्याकडे येऊ नको.

काय करायचं तेही ठरलंय. विजेच्या तीनपैकी एक फेज गेली तरी पंप घुरघुरत राहतो आणि मोटर जळते, हे मी तुझ्या दुकानात बसून बघितलंय. फेज कमी झाली की मोटर आपोआप बंद पाडील असा बोर्ड मी करणार. सर्किट लायब्ररीच्या पुस्तकात सापडलं. आता कुठला भाग कुठं बसवायचा आणि तांब्याच्या रेघा कुठून कशा न्यायच्या, ते ग्राफ पेपरवर मांडतेय. अण्णा, वायर एकमेकींवरून नेता येते, तांब्याची रेघ नेता येत नाही. दोन रेघा एकमेकींना लागल्या की सगळं चुकलं. एक सोडवावी तर दुसरी अडकते. आतापर्यंत चार कागद फाडले. पाचव्यावर मोटर बंद पाडणारी रिले एका कडेला सरकवली, तेव्हा जरा वाट दिसली.

तुझ्याकडे चांगली रिले असली तर पाठव. माय आणि अप्पांना जयभीम सांग. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नको.

तुझी,
शोभा


अफजलपूर,
२७ जानेवारी १९८६

चि. शोभास,
व्यंकटचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माय-अप्पा बरे हैत. मायचा गुडघा दुखायलाय, पण उसाच्या खुरपणीला जायचं काय सोडंना.

मलाबी राग आलाय, तो लिहितो. माझ्याकडं दहा मोटरी आल्या तर त्यातल्या सात एक फेज गेल्यानं जळालेल्या असत्यात. मी त्या उघडतो, काळी तार उपसतो, नवी भरतो. त्याच्यावर हे घर चालायलंय अन् तुझी खोलीबी चालायली. अन् तू त्या मोटरी जळूच नयेत म्हणून बोर्ड करायलीस! सगळ्या जगात तुला दुसरं काही सुचलं न्हाई? कामून माझ्याच पोटावर पाय? दहावीनंतर मी वाइंडिंगला बसलो ते तू शिकावीस म्हणून. हे कधी बोलून दाखवणार नव्हतो, आज लिहून दाखवलं.

हावगेप्पा कंडक्टरजवळ रिले पाठवलीय. स्टँडवर जाऊन घे. कामून पाठवली ते मलाच माहीत न्हाई.

तब्येतीला जप अन् थोरल्या भावाला विसरू नको.

तुझा,
व्यंकट अण्णा


गुलबर्गा,
रविवार, २३ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप अण्णास,
शोभाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

रिले मिळाली. तू जे लिहून दाखवलंस ते वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी उठले आणि पुन्हा रेघा ओढायला बसले. तुझं म्हणणं खोटं नाही, पण मोटर जळत राहावी असं मला कुणी शिकवलेलं नाही, तूही नाही.

पहिला बोर्ड चुकला. कागदावरचं चित्र कार्बन लावून बोर्डावरच्या तांब्याच्या थरावर उतरवलं, बारीक ब्रशानं एनॅमल पेंटच्या रेघा भरल्या आणि फेरिक क्लोराइडच्या पाण्यात टाकला. रंगाखालचं तांबं राहिलं, बाकीचं विरघळून गेलं. इतका देखणा झाला होता! भाग बसवायला घेतले तेव्हा कळलं की ट्रान्झिस्टरचे पाय उलटे येतात. मी चित्र वरच्या बाजूनं बघून काढलं होतं आणि तांबं असतं खालच्या बाजूला. कागद उलटा करून उतरवायचा हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझं मलाही सुचलं नाही. सरांनी तो बोर्ड वर्गात हातोहात फिरवला आणि म्हणाले, आरशापुढं धरा म्हणजे चालेल. सगळे हसले. फाईलवाली, असं आता मला नाव पडलंय.

त्यात घरमालकीण नागव्वाचं स्टीलचं ताट त्या पाण्यानं खाल्लं. तिनं कन्नडमध्ये मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आता प्लॅस्टिकचं घमेलं आणलंय.

दुसरा बोर्ड टेबलावर बरोबर चालतो. पण मशिन लॅबची किल्ली सर मला देत नाहीत, आणि तीन फेजची लाईन तिथंच आहे. म्हणून बोर्ड हावगेप्पांच्या हाती तुझ्याकडे पाठवतेय. दुकानातल्या जुन्या मोटरीवर लाव, एक फ्यूज काढ आणि मोटर थांबते का बघ. एवढंच कर. कुणाच्या शेतात लावू नको, अजून तो पारखलेला नाही. १६ एप्रिलला माझी परीक्षा आहे, त्याआधी परत पाठव.

रागावलेल्या बहिणीवरही लोभ ठेव.

तुझी,
शोभा


अफजलपूर,
९ मार्च १९८६

चि. शोभास जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या बोर्डानं आपली अब्रू घालवली.

दुकानात लावला तवा चांगला चालला. फ्यूज काढला की मोटर खट करून बंद. मला भरून आलं, खोटं कामून सांगू. दुकानात बिराप्पा बसला हुता, भीमेच्या काठाला त्याचा तीन एकर ऊस है. भैनीनं केलाय म्हणून त्याला सांगितलं अन् दुसऱ्या दिवशी त्याच्या पंपावर लावून दिला. लावू नको म्हणून तू लिहिलं हुतंस, मला याद हुतं. तरी लावला.

सहा दिवसांत मोटर रोज पाच-सहा बार बंद पडली. लाईट है, शेजारच्यांचे पंप चालू हैत, अन् ह्याचाच बंद. बिराप्पा घरी आला. अप्पा ओट्यावर बसले हुते, मी दारात उभा. ओटा न चढता खालूनच बोलला, ‘शिकले की असंच व्हतंय तुमचं.’ अप्पा उठून आत गेले. रात्री जेवले न्हाईत.

मी जाऊन बोर्ड काढून आणला. दुकानात पडून है. परत असली वस्तू माझ्याकडं पाठवू नको.

जपून ऱ्हा.

व्यंकट


गुलबर्गा,
१३ मार्च १९८६

श्री. व्यंकटराव यांस,
जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. तीनच गोष्टी लिहिते.

शेतात लावू नका असं मी स्पष्ट लिहिलं होतं. तुम्हाला बहिणीचं कौतुक मिरवायचं होतं, म्हणून लावलात. आणि मिरवणूक फसल्यावर म्हणे अब्रू मी घालवली.

मोटर थांबली तेव्हा मीटर लावून बघितलात का? बोर्ड फेज कमी झाल्याशिवाय मोटर थांबवत नाही. तुमच्या दुकानात तो फ्यूज काढल्यावरच थांबला ना? शेजारच्यांचे पंप चालू होते म्हणजे त्यांना विजेचा पुरेसा दाब मिळत होता असं होत नाही. ते घुरघुरतच चालले असतील. पंधरा वर्षं मोटरी उघडणाऱ्या माणसाला हे मी गुलबर्ग्याहून सांगायचं? तुम्ही बघितलं नाहीत, कारण बोर्ड नापास झाला तर तुम्हाला बरंच होतं.

आणि ते ‘तुमचं’ अप्पांनी एकट्यांनी झेललं, तुम्ही तिथं उभे असून. त्या माणसाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही.

बोर्ड लगेच परत पाठवा. लोभाचं पुढं बघू.

शोभा


अफजलपूर,
२४ मार्च १९८६

चि. शोभास जयभीम व आशीर्वाद.

मला ‘तुम्ही’ म्हणून लिहिलीस. मायनं तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं, तिथं माझी जीभ अडली. लई राग आला. तुला खोटं पाडायचं म्हणून मीटर घेऊन निघणारच हुतो, तितक्यात बिराप्पाची मोटर बैलगाडीतून दुकानात आली. बोर्ड काढल्यापासून नऊ दिवसांत जळाली.

उघडली. तीन फेजच्या कॉइलपैकी दोन कोळशावानी काळ्या अन् तिसरी कोरी करकरीत, काल भरल्यासारखी. ह्याचा अर्थ मला वाचता येतो, शोभा. पेपर वाचतो तसा येतो. एक फेज गेल्याबिगर अशी मोटर जळत न्हाई. चार दिवस तार भरत बसलो.

पाचव्या दिवशी काठावर गेलो, शेजारच्या पंपावर मीटर लावला. दोन तारांत चारशे व्होल्ट, पायजे तेवढं, बाकी दोन्ही जोड्यांत तीनशेच्या आत-बाहेर. दर घंट्याला खाली जायलं अन् परत वर यायलं. ट्रान्सफॉर्मरवर एका फ्यूजच्या जागी कुणीतरी बारीक तारेचा पीळ मारलेला, वाऱ्यानं हालायला. तुझा बोर्ड रोज पाच-सहा बार खरं बोलत हुता.

तिथं बिराप्पा हुता, आणखी सात-आठ जण पंप चालू करायला आलेले हुते. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणलो, ‘बिराप्पा, तुमची मोटर माझ्या भैनीच्या बोर्डानं न्हाई, मी बोर्ड काढला म्हणून जळाली. अन् अप्पाला जे बोललात ते परत घ्यायचं आसंल तर आमच्या ओट्यावर येऊन घ्या.’ तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ह्यावेळी ओटा चढला, अप्पांच्या बाजूला बसला, चा प्याला. अप्पांनी त्याला मायच्या गुडघ्याचं सांगितलं. जाताना तो बोर्ड परत लावून दे म्हणला.

आता खरं लिहितो. बोर्ड दुकानात पडून है म्हणून लिहिलं हुतं ते खोटं है. अप्पा जेवले न्हाईत त्या रात्री मी तो ऐरणीवर ठेवला अन् हातोड्यानं फोडला. तांब्याच्या रेघा बोर्डावरून उठून वर आल्या हुत्या. दहा-बारा घाव घातले. एका घावात भागलं न्हाई.

नवी रिले हावगेप्पाजवळ दिलीय. तुझी परीक्षा तीन आठवड्यांवर है, मला याद है. माफी माग असं तू म्हणू नको, मागता येत न्हाई.

तुझा,
व्यंकट अण्णा


गुलबर्गा,
रविवार, २० एप्रिल १९८६

तीर्थरूप अण्णास,
शोभाचा जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ग्राफ पेपर भिंतीवर फेकला, आणि मग उचलून पुन्हा तोच टेबलावर पसरला. कारण तुझ्या हातोड्याखाली तांबं आलं, कागद नाही. तिसरा बोर्ड अकरा दिवसांत केला. भोकं पाडताना दोन ड्रिल मोडली, दोन्ही वेळा तुझं नाव घेतलं. चांगलं म्हणून नाही.

परीक्षा झाली. परीक्षक बाहेरगावचे, वयानं मोठे. सरांनी त्यांना सांगितलं की ही गटाची फाईल लिहिते. मी म्हटलं, फाईलही लिहिली आहे आणि बोर्डही केला आहे, बघायचा असेल तर तीन फेज लागेल. सर म्हणाले, लॅब बंद आहे. परीक्षकांनी शिपाई पाठवून किल्ली मागवली. त्यांनी स्वतः फ्यूज काढला, मोटर थांबली. पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग बोर्ड उलटा करून तांब्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, ही रेघ एवढ्या लांबून का आणलीस? मी सांगितलं, जवळून आणली तर दुसरीला लागते. ते हसले नाहीत, फक्त मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, हा शेतावर चालवून बघितलाय का? माझ्याकडे चाचणीचा कागद नव्हता, तुझं २४ मार्चचं पत्र होतं. तेच काढलं आणि कन्नडमध्ये सांगत सांगत वाचलं. रोज किती वेळा थांबला, काढल्यावर किती दिवसांत मोटर जळाली, कुठल्या कॉइल काळ्या झाल्या, मीटरवर किती दाब. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. सर खिडकीशी उभे होते. मी पत्र मध्येच घडी करून ठेवलं म्हणून परीक्षकांनी विचारलं, पुढं काय लिहिलंय? मी म्हटलं, पुढं घरचं आहे.

गुण किती मिळतील माहीत नाही. मुलांचा बोर्ड बाजारातून तयार आणलेला निघाला, तरी त्यांनाही मिळतीलच.

माझा राग गेलेला नाही, तेव्हा माफी मागता येत नाही ते बरंच आहे. येत्या रविवारी पहिल्या बसनं येतेय. बोर्ड मी स्वतः बिराप्पाच्या पंपावर लावणार. तू मीटर घेऊन ये आणि माझ्याशी बोलू नको. ग्राफ पेपरही आणतेय. तुझी बोटं बारीक तारेला सरावलेली आहेत, रेघा रंगवायला माझ्यापेक्षा बरी पडतील. काठावर आणखी सात-आठ जणांचे पंप आहेत असं तूच लिहिलंयस, आणि दुकान चालवायला तुला आता काहीतरी दुसरं लागेलच. कागद उलटा करून उतरवायचा, एवढं आत्ताच लक्षात ठेव.

अप्पांना आणि मायला जयभीम. भांडणासकट मला आपली समज.

तुझी,
शोभा