माया न सोडलेली पँट

सोलापूर
९ डिसेंबर १९७६

प्रिय महादेवी,

तुला, जावईबापूंना आणि बाळाला तुझ्या अप्पाचे आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तराला लगेच बसलो होतो, पण दोन अंतर्देशीय पत्रं खाडाखोड होऊन वाया गेली. म्हणून आता सरळ फुलस्केप घेतला आहे.

दुकानात लग्नसराईची गर्दी आहे. ज्याला त्याला सफारी पाहिजे, आणि पोरांना बेलबॉटम. तुझ्या आईची कंबर थंडीनं धरली आहे, पण काळजीसारखं काही नाही. तू बाळाला घेऊन सासरी गेल्यापासून घर फार शांत वाटतं असं ती म्हणते. मलाही वाटतं, पण मी मशीन चालवतो.

तू वेळ अमावस्येचं, शेतातल्या जेवणाचं बोलावणं लिहिलंस. त्याचं उत्तर द्यायचं तर मागचं थोडं सांगावं लागेल. तुझं लग्न ठरण्याआधी मी कसा होतो ते तुला आठवतं. मी चढलो की टांगेवाला माझ्या बाजूला दुसरं गिऱ्हाईक घेत नसे. डॉक्टरांनी दम दिला आणि वर्षभरात मी पंचाण्णव किलोवरून अडुसष्टवर आलो. शिवणकाम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जुना कोट उसवायचा, तुकडान् तुकडा कागदावर आखायचा आणि पुन्हा तसाच शिवायचा, असं शिकलो. जेवणही तसंच उसवून बघितलं. कुठला घास भुकेचा, कुठला चवीचा, कुठला नुसता समोरचा ‘घ्या हो’ म्हणाला म्हणून. भुकेचे तेवढे ठेवले, बाकीचे काढून टाकले. आणि स्वतःला नव्या पँटी शिवल्या, त्यात माया सोडली नाही. गिऱ्हाइकाच्या पँटीत मागच्या शिवणीला जास्तीचं कापड, माया, मी सोडतोच. माणूस सुटतो, आणि वर्षानं येऊन ‘टेलर, जरा ढिली करा की’ म्हणतो. माझ्या पँटीत ढिलं करायला मी काही शिल्लकच ठेवलं नाही. त्या वेळी मोठा अभिमान वाटला होता.

पण पोरी, उतरवणं सोपं होतं. उतरवताना रोज काहीतरी हाती लागतं, पट्ट्याला नवं भोक पडतं, लोक वळून बघतात. एकदा उतरलं की नुसतं राखायचं, आणि राखणाऱ्याला शाबासकी कोण देतं? लोकांना वाटतं, झालं, जिंकला. मला रोज सकाळी पँट चढवताना बटण लागेपर्यंत श्वास घ्यायला भीती वाटते. मार्केटातले अडते गुरुबसप्पा पाहुण्यांना मुद्दाम दुकानात आणतात. ‘हे बघा आमचे टेलर. पोत्याच्या काट्यावर बसवायचो यांना! आता हँगर झालाय की नुसता हँगर!’ पाहुणे हसतात, मीही हसतो. मग त्या दिवशी हॉटेलात चहासुद्धा घेता येत नाही. साखर ढवळताना कुणी बघितलं तर? लग्नाला जातो तो अक्षता टाकायला. पंगत बसायच्या आत मला कुठंतरी काम निघतं. तुझी आई बायकांत एकटी जेवते आणि ‘यजमान कुठं?’ म्हटलं की दुकानाचं नाव सांगते.

तुझ्या सासरी येणं मात्र दुकानाचं नाव सांगून टळलं नसतं. तिथं मी रीत पुढं केली. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही आपल्यातली जुनी रीत. आता एवढी कोण पाळतं? मी काटेकोर पाळली. अक्कलकोटला आलो की पाणी पिऊन उठायचो. शरणम्मांनी एकदा भरलं ताट पुढं केलं, तर मी हात जोडून रीत सांगितली. तुझी सासू बिचारी मोठ्या आदरानं ताट आत घेऊन गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या ताटात काय काय होतं ते मी आजही सांगू शकतो.

आता बाळ झालं, रीत संपली. आणि तू लिहितेस की शरणम्मा चारचौघींत म्हणाल्या, ‘आता लेकरू झालं की. तुझ्या अप्पाला आणखी कुठला मुहूर्त पाहिजे? का आमच्या घरचं मीठ त्यांना चालत न्हाय?’ आणि या अमावस्येलाही आलो नाही, तर तुला माहेरी पाठवताना विचार करावा लागेल, असंही. तू मान खाली घालून भाकरी थापत राहिलीस. हे वाचल्यापासून माझा हात कापडावर चालत नाही.

न यावं तर तुला ही बोलणी. यावं तर ते शेत माझ्या डोळ्यांपुढं उभं राहतं. कडब्याची खोप, पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, शेंगापोळी. बरं, एका शेतात जेवून सुटका नाही. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. मला एका पोळीची भीती नाही. एक खाल्ल्यावर ‘आता पथ्य मोडलंच’ म्हणून जो सुटतो ना, त्या माणसाची भीती आहे. दिवाळीनंतर गुरुबसप्पांकडून पेढ्यांचा पुडा आला. एक खाल्ला, आणि मोडलं तर मोडलं म्हणून मापं घेण्याच्या पडद्यामागं उभ्यानं सगळे संपवले. दुसऱ्या दिवशी काही न खाण्याचं ठरवून बसलो. तुझ्या आईनं रिकामा पुडा बघितला होता. तरी तिनं रोजच्यासारखी भाकरी-भाजी वाढली. मी ताट सारलं, तर म्हणाली, ‘पेढे कालचे हायत. भूक आजची हाय. गपचिप जेवा.’ मी जेवलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला पुन्हा पुडा शोधावासा वाटला नाही. इतकी वर्षं मी एवढं सगळं उसवून बघितलं, पण मोडल्यावर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं, हे काही मला सुचलं नव्हतं.

म्हणून मी येतो आहे. आदल्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं, तुझ्या आईला घेऊन. पण हे पत्र तुझ्यासाठी असलं तरी तुझ्यापाशी ठेवू नकोस. शरणम्मांना बसवून, त्यांना कळेल असं, हवं तर कानडीत सांगत, पहिल्यापासून वाचून दाखव. समोर उभा राहून ‘विहीणबाई, मी मानी नाही, मी भ्यायलो होतो’ असं म्हणायला मला जन्मात जमणार नाही, तुझा बाप कसा आहे ते तुला ठाऊक आहे. पुड्याचा मजकूर गाळू नकोस. त्या हसल्या तर हसू दे. फक्त एवढं सांग की मला सगळ्यांबरोबर पंगतीत बसवा, सगळ्यांना वाढाल तेच वाढा, आणि मी पानावर आडवा हात धरला की ‘घ्या हो’ म्हणू नका. तेवढं त्यांनी केलं, तर त्यांच्या घरचं मीठ मी आयुष्यभर खाईन.

तुझाच,
अप्पा