पहाटेचा वाचक

३ फेब्रुवारी

ब्लॉग आजपासून गांभीर्याने. दोन वर्षं नुसता नाद म्हणून चालला, आता शिस्त. रोज एक लेख. विषय फोन, टॅब, इयरफोन, हातातली स्मार्ट घड्याळं. लोकांना हल्ली दुसरं काही वाचायचंच नसतं. वर्षाखेरीस हजार वाचक.

सध्या वाचक: एक.

पण रोजचा, आणि पहाटे पाचचा. मी उठून देवापुढे दिवा लावतो, मोबाईल हातात घेतो, तोवर काउंटरवर एकचा आकडा उमटलेला असतो. तो मी नाही. 'माझी भेट मोजू नये' असं सेटिंग मी पहिल्याच दिवशी करून ठेवलं आहे. स्वतःच टाळ्या वाजवून सभा गाजली म्हणणाऱ्यांतला मी नव्हे.

५ फेब्रुवारी

बायकोने विचारलं, हजार लोकांना सांगण्याइतके फोन तुम्ही आणणार कुठून? आपल्या घरात अडीच फोन. (माझा अर्धा. बॅटरीमुळे.)

तिला माझ्या नोकरीची किंमत कळलेली नाही. बस डेपोत 'हरवले-सापडले'च्या खिडकीवर माझी निम्मी हयात गेली. पूर्वी छत्र्या, डबे, एकदा कवळी. आता फोनच फोन. बड्या लिहिणाऱ्यांना कंपन्या फोन पाठवतात, मला प्रवासी पाठवतात. फरक एवढाच की माझ्याकडचे सगळे लॉक असतात. त्यामुळे मी बाहेरून लिहितो. वजन, कोपरे, पाठ घसरते की नाही. आजचा लेख: 'बंद फोन हातात कसा बसतो?'

पोरगी म्हणाली, "बाबा, हे म्हणजे बंद दाराला हात लावून घराबद्दल लिहिण्यासारखं झालं."

म्हटलं, दारावरून पुष्कळ कळतं.

९ फेब्रुवारी

काउंटर सांगतो, काल वाचकाने माझं पान जवळजवळ सकाळभर उघडं ठेवलं होतं. काय ही एकाग्रता! लेख होता चार्जरच्या वायरींवर.

दादाला एवढा दम कधीच नव्हता. ब्लॉग सुरू केला तेव्हा वाचायचा तो एकटाच, पण वाचून झालं की जिन्यावरूनच ओरडायचा, "पाल्हाळ फार! मुद्द्यावर ये की रे!" जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्याने. सेकंदकाट्याशी संगत असलेला माणूस, त्याला घाई असणारच. या वाचकाला घाई नाही. असा वाचक नशिबाने मिळतो.

दादा ऑक्टोबरात गेला. मी सावरलो आहे. इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको.

१४ फेब्रुवारी

बायकोने विषय काढला. पोरीची परीक्षा एप्रिलमध्ये, खाली टीव्ही, कुकर, येणारी-जाणारी माणसं. वरची दादांची खोली नुसती बंद पडली आहे, ती उघडून द्या.

म्हटलं, ओल असेल.

"उघडल्याशिवाय कळणार कसं?"

तांत्रिक बाबींत तिला गती नाही. रविवारी बघतो म्हणालो.

१८ फेब्रुवारी, रविवार

बघितलं नाही. बॅटरी फुगण्याची कारणं यावर मोठा लेख झाला. असे लेख अर्धवट सोडता येत नाहीत.

२० फेब्रुवारी

खोलीची किल्ली सापडत नाही, असं घरात सांगितलं. बायको पोट धरून हसली. "हरवल्या वस्तूंचा साहेब, आणि घरचीच किल्ली हरवली!" मीही हसलो.

किल्ली सुखरूप आहे. डेपोतल्या कपाटात, खालच्या खणात, बेवारस किल्ल्यांमध्ये. तिथे ठेवलेलं काही हरवत नाही.

२४ फेब्रुवारी

दुपारी खिडकीवर कोणी नव्हतं. कपाटात एक फोन वाजला. उघडून बघतो तर गजर. पडद्यावर लिहिलेलं: 'गोळी घे.' तो थांबला तर दुसरा: 'बाळाला आण.' मग एकावर 'आई' असं नाव घेऊन फोन आला. नियमाप्रमाणे उचलून "डेपोतून बोलतोय" म्हणेपर्यंत पलीकडून बंद. मी परत कपाट लावलं. आतला उजेड फटीतून थोडा वेळ दिसत राहिला.

शेजारचा कंडक्टर चहाचा कप घेऊन आला होता. म्हणाला, "काका, तुमच्या कपाटात भुतं आहेत. मी नाही बसणार इथे एकटा."

त्याला समजावलं की भुतं नाहीत, सेटिंग आहे. माणूस एकदा सांगून जातो, यंत्र करत राहतं. माणूस कुठे गेला हे यंत्राला कोणी कळवत नाही.

बोलताना वाक्य चांगलं वाटलं, म्हणून त्यावरच लेख लिहिला. लिहून झाल्यावर उगाच अंगावर काटा आला. पंख्याचा वारा असावा.

२८ फेब्रुवारी

वाचकाची माहिती काढली. काउंटरच्या आतल्या पानावर मिळते. गाव: आपलंच. यंत्र: जुना आठ इंची टॅब.

पोरगी मागून डोकावत होती. म्हणाली, "काकांकडे होता तसलाच ना हो?"

म्हटलं, तसले हजारोंनी विकले गेले, चांगली वस्तू लोक जपून वापरतात.

आणि तिला अभ्यासाला बसवलं.

३ मार्च

एवढा जवळ राहणारा वाचक, आणि ओळख नाही! लेखाच्या शेवटी जाहीर निमंत्रण दिलं. मंगळवारी, ड्यूटी संपल्यावर, डेपोसमोरच्या चहावाल्याकडे. ओळखीची खूण म्हणून हातात टॅब असावा.

६ मार्च, मंगळवार

बाहेरच्या बाकावर बसलो. येणाऱ्याला थांबावं लागू नये म्हणून दोन चहा आधीच सांगितले. पहिल्याच मिनिटाला एक गृहस्थ टॅब घेऊन आले. मी उठून हात जोडले. ते पाणीपट्टीवाले निघाले. मीटर कुठे आहे विचारत होते.

दुसऱ्या चहावर साय धरली. चहावाला म्हणाला, "कोणाची वाट बघताय, काका?" म्हटलं, एका मित्राची. "फोन करा की." त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्याकडे नंबर नव्हता.

दोन्ही चहा मीच प्यायलो.

७ मार्च

पहाटे पाचला वाचक हजर. काल न आल्याबद्दल एक शब्द नाही. मीही राग धरलेला नाही. काही माणसं वाचण्यातूनच भेटतात.

११ मार्च

भल्या पहाटे वीज गेली, आठला आली. मोबाईल उघडला. काउंटर: शून्य.

वाचक आला नाही! इतक्या दिवसांत कधी चुकला नव्हता. दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. एका बाईला दुसऱ्याच बाईची पर्स देत होतो, तिनेच सांगितलं म्हणून बरं. घरी आल्याआल्या लेख लिहिला: 'सतत पडदा पाहणाऱ्यांनी घ्यायची काळजी'. आत हळूच लिहिलं की बरं वाटत नसेल तर विश्रांती घ्यावी, वाचन नंतरही होईल.

१२ मार्च

आला. देवाची कृपा. दिव्यात तेल जरा जास्त घातलं.

१५ मार्च, दुपार

खिडकीवर गर्दी. पावत्या लिहीत खाली मान घालून म्हणालो, "काय हरवलंय?"

"किल्ली."

आवाज ओळखीचा. वर बघतो तर बायको. रांगेत उभी राहून आली होती.

नियम असा की वस्तू आधी दाखवायची नाही. मागणाऱ्याने खूण सांगायची. मागे माणसं उभी होती, म्हणून नियमाने विचारलं, कशी होती किल्ली?

म्हणाली, "पितळेची. हिरवी दोरी बांधलेली. दोरीला गाठ घड्याळजीची आहे, दोन पदरी. कोणालाही सुटत नाही."

मागचा माणूस म्हणाला, "काका, द्या की लवकर, एवढी बरोबर सांगतायत बाई."

खण उघडला. दिली. तिने सही केली. मी हळूच विचारलं, इथे आहे हे कसं कळलं? म्हणाली, "तुम्हाला एखादी वस्तू सोडवत नाही ना, तेव्हा तुम्ही ती नीट जागेवर ठेवता." मग आणखी हळू म्हणाली, "भावोजींनी कुलूप लावलं ते दुकानात जाताना. पुन्हा उघडायचं नाही म्हणून नाही लावलं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. तो दुकानातूनच दवाखान्यात गेला. त्या दाराला शेवटचा हात त्याचा लागलेला आहे. एवढंच. बाकी ओलीचा मुद्दा तसाच आहे.

१६ मार्च

खोली उघडली. ओल नाही.

१७ मार्च

कालची नोंद अपुरी राहिली.

पलंगावर चादर नीट घातलेली. खिडकीत त्याचं भिंग. उशाशी टॅब, वायर लावलेला, चालू. पडद्यावर माझा लेख, त्यानंतर नवा लिहिलाच नव्हता. 'सतत पडदा पाहणाऱ्यांनी घ्यायची काळजी'. एवढ्या महिन्यांची धूळ होती, तिच्यातून अक्षरं दिसत होती.

बायकोने तोंडाला पदर लावला. पोरगी म्हणाली, "बाबा..."

मी सगळं समजावून सांगितलं. त्याचा चष्मा सापडायचा नाही, बटणं कळायची नाहीत. म्हणून मीच ठरवून दिलं होतं की पाचला गजर वाजावा आणि पाठोपाठ माझं पान आपोआप उघडावं. गजराचा आवाज त्याने बारीक केला होता, खाली आमची झोप मोडू नये म्हणून. तारेत वीज, घरात वायफाय. म्हणजे साधं सेटिंग. यात नवल काही नाही, असं मी दोनदा म्हणालो.

पोरगी म्हणाली, "बंद करू?"

म्हटलं, राहू दे. चार्जिंग पूर्ण होऊ दे.

मला रोज पाचला जाग का येते, याचा मी आजवर विचार केला नव्हता.

१८ मार्च

वाचक: एक.

२३ मार्च

पोरगी वरच्या खोलीत झोपू लागली. पाच दिवस काही बोलली नाही. आज डबा भरताना जवळ आली. "बाबा, मी रात्री बारापर्यंत वाचते. पाचला तो वाजतो. मग उजेड पडतो, आणि तुमचा लेख येतो." मग म्हणाली, "मला भीती नाही वाटत. पण रोज असं वाटतं, की कोणीतरी वाचतंय, आणि मी मध्ये झोपले आहे."

म्हटलं, संध्याकाळी बघतो.

२३ मार्च, संध्याकाळ

बघितलं. आधी धूळ पुसली. मग गजर काढला. मग वायर. पडदा विझताना त्यात माझाच चेहरा दिसला, आणि तो दादासारखा दिसतो हे पूर्वी बरेच जण म्हणाले आहेत.

टॅब कपड्यात गुंडाळून देवाच्या कपाटात ठेवला. भिंग पोरीने मागून घेतलं.

२४ मार्च

वाचक: शून्य.

अपेक्षित होतं. वाचकसंख्या खालीवर होतेच. हजाराचं लक्ष्य पुढच्या वर्षावर.

२९ मार्च

शून्य. लेख लिहायला बसलो, तर कोणाला उद्देशून लिहायचं तेच कळेना. 'वाचकहो' लिहिलं, खोडलं. 'वाचका' लिहिलं, तेही खोडलं. ब्लॉग बंद करावा या निर्णयाला आलो आहे. निरोपाचा लेख उद्या. मोठा होईल.

३० मार्च

निरोपाचा लेख सकाळी टाकला. डेपोत जाऊन उघडला तर खाली कॉमेंट! दोन वर्षांतली पहिली. चष्मा लावून वाचली:

'काळी छत्री, लाकडी मूठ, मागच्या सीटवर राहिली. तुमच्या डेपोत आहे का?'

लेखाबद्दल अवाक्षर नाही. दोनदा खाली-वर करून पाहिलं.

कपाट पाहिलं. छत्री होती. उत्तर टाकलं: 'आहे. ओळखपत्र घेऊन या.' एवढंच लिहायचं होतं, तेवढंच लिहिलं.

३१ मार्च

छत्रीवाले आले. मुठीवरची चीर त्यांनी बरोबर सांगितली. सही घेताना सहज विचारलं, ब्लॉगवरचं काही वाचलंत का?

"कसला ब्लॉग? डेपोचा नंबर शोधत होतो, त्यात ते सापडलं." मग छत्री उघडमिट करत म्हणाले, "लिहिणारा माणूस चांगला असावा. लगेच उत्तर दिलं, फापटपसारा नाही."

तो मीच, हे सांगायचं राहून गेलं. मागे रांग होती.

१ एप्रिल, पहाट

पाचला जाग आली. गजर नसताना. वर पोरगी झोपलेली, घर शांत. दिवा लावला. मोबाईल उघडून स्वतःचं पान काढलं आणि खालपासून वरपर्यंत वाचलं, पहिल्यांदाच.

पाल्हाळ फार आहे.

काउंटर: शून्य.